कवळीचे पैसे

बाबा,

तुम्ही उठायच्या आत निघतेय. काल एवढं बोलून तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत, मग मला काही सांगताच आलं नाही.

थकलेल्या पगारवाढीचे पैसे कमी आले, ते मी कुणालाही दिलेले नाहीत, तुमच्या जावयाला तर नाहीच नाही. लाँड्रीतली माझी नोकरी अर्ध्या दिवसाची. एवढ्याशा पगाराला एरवी आयकर शिवतही नाही. पण तीन वर्षांचा फरक एकाच महिन्यात जमा झाला आणि पगार काढणाऱ्यांनी ती सगळी यंदाचीच कमाई धरून कर कापला. ज्या वर्षाचे पैसे त्याच वर्षात धरले, तर बरेचसे परत मिळतात म्हणे. त्याच्याच चौकशीला चाललेय. पण परत मिळायला वेळ लागेल.

पैसे हातात येण्याआधीच दात काढून बसायची कोण घाई झाली होती तुम्हाला? बाजारात तुरी, दुसरं काय! आता येताना दातांच्या डॉक्टरीणबाईंना भेटते, कवळी हप्त्याने द्या म्हणून विनवते. तोवर जेवण मऊ शिजवून ओट्यावर झाकलंय. माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नका.

आणि काल म्हणालात, “जावयालाच फोन लावून विचारतो.” तेवढं मात्र करू नका. त्याला या पैशांचं काही माहीत नाही. आपण कुठे राहतो, तेही नाही.