तुंबलेली नळी

अहो,

ताईला घेऊन हॉस्पिटलात जातेय. तुम्हाला मुद्दामच उठवलं नाही.

काल माझ्या छातीत केमोसाठी बसवलेल्या पोर्टच्या नळीतून रक्त काही येईना. हात वर करून झाला, मान वळवून झाली, खोकून झालं. शेवटी केमो राहिली ती राहिलीच. नळीच्या टोकाशी गुठळी झालीय, एवढंच ती नर्स सांगत होती, तर तुम्ही सगळ्या वॉर्डासमोर तिला शिकवायला निघालात. म्हणे, "तीस वर्षं प्लंबिंग करतोय. जोरात दाब द्या, कचरा पुढे निघून जाईल." पुढे म्हणजे कुठे, गटारात? पुढे माझं काळीज आहे. जोर लावला तर नळी आतल्या आत फुटेल, असं तिने शांतपणे सांगितलं, तर तुम्ही तोंड फुगवून गाडीत जाऊन बसलात. मी छातीवरची पट्टी सांभाळत एकटी जिना उतरले.

आज नळीत गुठळी विरघळवायचं औषध भरून ठेवणार आहेत. मग तासभर कुणी काही करायचं नाही, गप्प बसून वाट बघायची. ते तुम्हाला जन्मात जमलेलं नाही, म्हणून ताई.

जेवण झाकून ठेवलंय. ताट मात्र बाथरूममध्ये धुवा. प्लंबरच्या घरातलं सिंक तुंबून आज एकवीस दिवस झाले. त्याला लावा हवा तेवढा जोर. त्याच्या पुढे कुणाचं काळीज नाही.