कॅम्परची ओली भिंत

सोमवार
आले एकदाची! ताईच्या घरामागे, भावोजींच्या सुतारकामाच्या शेडला लागून माझा कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घरच, उभा आहे. जुना आहे, पण आत पलंग, शेगडी, छोटा ओटा, उघडणारी खिडकी, सगळं आहे. हे गेल्यावर त्या घरात एकटीला राहवेना, म्हणून घेतला. खिडकीखालचं प्लायवुड तेवढं पाणी पिऊन फुगलंय. भावोजी म्हणाले, हत्ती गेला, शेपूट राहिलंय. ताईची धाकटी पलंगावर उड्या मारून गेलीसुद्धा.

मंगळवार
प्लायवुड उचकटलं. आतली चौकट काळी पडलीये, पटाशी लोण्यात जावी तशी गेली. भावोजींनी शिकवलं, ठोकून बघायचं आणि खणखणीत वाजेल तिथपर्यंत कापत जायचं. कुजलेल्यात जीव गुंतवायचा नाही. दिवसभर कापलं. छान दमले.

गुरुवार
छताची फट बुजवली, नव्या पट्ट्या ठोकल्या, भिंत बंद केली. करवतीने बोट कापलं ते मला कळलंच नाही, ताईला जमिनीवर रक्त दिसलं. ती म्हणाली, ते गेल्यापासून तू एकदाही रडली नाहीस, एकदा मोकळी हो गं. ती गेल्यावर नव्या भिंतीला टेकून बसले. डोळे भरून आले आणि तसेच ओसरले. बरं वाटलं.

शनिवार
नवं लाकूड ओलं. पाऊस नाही, टाकीत पाणी नाही. भावोजींनी बोट लावून चाखलं. खारट. त्यांनी गाडी विकणाऱ्याला फोन केला. त्याने म्हणे शांतपणे विचारलं, आत बसलं की रडू थांबतं ना, मग दुरुस्ती कशाला? भावोजी हसले. मी यांचा चेहरा आठवून पाहिला. आठवला. काहीच झालं नाही.

रविवार
ताई भावोजींशी भांडून रडत आली, भिंतीला टेकून बसली. उठली तेव्हा डोळे कोरडे. बाहेर धाकटी फळ्यांवरून पडली, गुडघा फुटला, आई आई करत होती. ताई दारात उभी राहून बघत राहिली. मी तिच्या शेजारी. धावले ते भावोजी.

सोमवार
भिंत ठोकून पाहिली. वाजत नाही. परत कापायला घेतली. कापते तिथे ओलं — चांगलं लाकूड लागतच नाही. भावोजींनी ताईला विचारलं, तुला झालंय तरी काय. ती म्हणाली, काही नाही. तिला खरंच काही होत नाहीये.

मंगळवार
भावोजी कुऱ्हाड घेऊन आत गेले. रडत होते. एक घाव ऐकू आला. मग नाही. कुऱ्हाड आतच टाकून बाहेर आले आणि जेवायला बसले.

बुधवार
धाकटी एकेकाला हलवून बघते. तिला कुणी वाढलं नाही. मी वाढलं का — आठवत नाही.

गुरुवार
कॅम्परच्या पायरीवर बसलेय. धाकटी रडत आली, माझ्या मांडीत डोकं खुपसलं. मी थोपटलं नाही. मग ती आत गेली. भिंतीपाशी.
तिला ओढून बाहेर काढायला हवं. हे पक्कं कळतंय. कळतंय, पण —
हुंदके बारीक होत चाललेत. उठते. एवढं लिहून झालं की —
आता हुंदके थांबले.