ताईच्या कार्यक्रमाची चोरटी टेप

३ मार्च

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद, तेही आज दातओठ खाऊन.

काल कार्यक्रम संपवून मी गिटार पेटीत ठेवत होते. एक अनोळखी गृहस्थ आले आणि म्हणाले, की गेल्या वर्षी त्या छोट्या हॉलमध्ये मी वडिलांबद्दल जे बोलले, ते ऐकून त्यांना रडू आलं. ते तिथे नव्हतेच! त्यांच्याकडे टेप आहे. कुणी दिली विचारलं, तर तुझं नाव.

कोटात रेकॉर्डर लपवून तू ब्लूज संगीत वाजवणाऱ्यांचे कार्यक्रम टेप करतोस आणि तुझ्यासारख्याच वेड्यांशी अदलाबदल करतोस, हे ठाऊक होतं. हसायचे मी. पण माझा कार्यक्रम? त्या संध्याकाळी हॉलमध्ये सगळी जवळची माणसं होती, म्हणून बोलले, की बाबांनी माझी पहिली गिटार मला न विचारता शेजाऱ्यांना देऊन टाकली आणि मी ती भिंतीपलीकडून ऐकत राहिले. सगळ्या प्रती परत आण.

लोभ तूर्त कुलपात,
ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझंही डोकं फिरलंय. माईकवर बोललीस आणि आता खासगी म्हणतेस? मी टेपा विकत नाही. आमच्यात टेपला टेप, बस. त्या बोलण्यानंतर तू जो संथ ब्लूज वाजवलास, तशी तार तू पुन्हा कधी ओढली नाहीस. बोलणं कापलं असतं, तर वाजवणं लंगडं झालं असतं. कुठकुठचे लोक आज तुला ओळखतात. तुझ्या भल्यासाठीच केलं. शिवाय बदल्यात एका दिवंगत वादकाचा शेवटचा कार्यक्रम मिळाला, जो आमच्यात कुणाकडेच नव्हता.

बाबा बरे आहेत. माया आटू देऊ नकोस.
गुंड्या

१६ मार्च

चि. गुंड्यास,
आशीर्वाद.

वा! एका मेलेल्या वादकाच्या बदल्यात एक जिवंत बहीण. भाव बरा आला म्हणायचा. या घरात माझी वस्तू दुसऱ्याला देताना मला विचारायची पद्धतच नाही का? बाबांनी गिटार दिली, तू माझं रडणं दिलंस. हे बाबांच्या कानावर गेलं, तर तुझं तोंड पाहणार नाही.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलं कानावर. तुझं पत्र आल्यावर मी टेप पुन्हा लावली, इतकं काय आहे त्यात ते बघायला. बाबा कधी दारात येऊन उभे राहिले, कळलंच नाही. संपेपर्यंत हलले नाहीत. मग कोरडेपणाने म्हणाले, की परीक्षा जवळ आली होती, तिच्या भल्यासाठीच दिली. मी भडकलो. जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. आणि ओरडता ओरडता आठवलं, की हेच वाक्य मी तुला लिहिलंय. तेव्हापासून घरात अबोला आहे.

टेप दिलेल्या सगळ्यांना लिहिलं. बहुतेकांनी मुकाट परत पाठवली. एकाने साफ नकार दिला. त्याने ती पुढेही वाटलीय. मी त्याला वाट्टेल ते लिहिलं, म्हणून आमच्या मंडळींनी मलाच वाळीत टाकलंय. आलेल्या प्रती आणि माझी मूळ टेप पाठवतोय. फोड, नाहीतर ठेव.

अजूनही तुझाच,
गुंड्या

१० एप्रिल

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. हातोडी घेऊनच बसले होते, पण आधी एकदा ऐकली. वाजवणं खरंच चांगलं झालंय, आणि त्याचाच जास्त संताप आला. परत आलेल्या प्रती फोडल्या. मूळ टेप माझ्या कपाटात राहील. कुणाला ऐकवायची ते मी ठरवीन. त्या नकार देणाऱ्याचं आपण काहीच करू शकत नाही, हे मला अजून गिळता येत नाही.

बाबांची समजूत काढू नकोस, माझ्या वतीने एक अक्षर बोलू नकोस. रविवारी येतेय. चाळीस माणसांना जे सांगितलं, ते त्यांच्यासमोर बसून सांगणार आहे. तू बाहेर थांब.

पुढच्या महिन्यात माझा कार्यक्रम आहे. ये. कोट घरी ठेव, पहिल्या रांगेत बस आणि दोन्ही हात मांडीवर ठेव, मला स्टेजवरून दिसतील असे.

ताई