त्रिपुरसुंदरी मावेल इतकी जागा

मद्रास,
१८ ऑगस्ट १९९४

चि. त्रिपुरसुंदरीस आईचे आशीर्वाद.

तू ठीक आहेस असं धरून चालते. इथं पाण्याची लॉरी दिवसाआड येते, मागच्या दारचा कढीलिंब माजला आहे, माझं जेवणखाण वेळेवर. पुण्यात राहून तू आता शुद्ध मराठी बोलत असशील. माझ्या तंजावरी वळणाला हसलीस तरी चालेल. सहा वर्षांत हे पहिलं पत्र, म्हणून भलत्या शंका काढू नकोस.

निवृत्त झाल्यावर मी घरी बसले नाही. मैलापूरला राजगोपालच्या डीटीपी सेंटरमध्ये जाते. कंप्युटरवर पानं आखायचं पेजमेकर शिकले. माझ्याकडे फक्त फॉर्म: शाळाप्रवेशाचे, गॅसजोडणीचे, दवाखान्यांचे. तीस वर्षं कचेरीत लोकांनी भरलेले फॉर्म तपासले. नाव ओळीत मावेना की माणसं समासात चढायची. म्हणून माझा नियम आहे. फॉर्म आखून झाला की सर्वांत लांब नाव घालून पडद्यावर एकदा भरून बघायचा. ते बसलं की पुसायचं, मग कागद छापखान्याकडे.

सर्वांत लांब नाव कोणतं, ते तुला सांगायला नको. इंग्रजीत चौदा अक्षरं. शाळेत असताना तू रडायचीस, एवढं लांब का ठेवलं म्हणून. आता या शहरातल्या कितीतरी फॉर्मांवर तू मावशील इतकी जागा आहे.

गेल्या महिन्यात एका दवाखान्याचा पेशंट दाखल करण्याचा फॉर्म केला. 'जवळचे नातेवाईक' या ओळीत नेहमीसारखं तुझं नाव आणि पुढे 'मुलगी' असं टाकून पाहिलं. आणि पुसायला विसरले. दोन हजार प्रती तशाच छापून आल्या.

राजगोपाल एरवी मला भितो. त्या दिवशी कपाळावर हात मारून म्हणाला, "मामी, ऐंशी वर्षांचा म्हातारा असो की काल जन्मलेलं बाळ, सगळ्यांची मुलगी एकच!"

"हसून झालं असेल तर दुरुस्त प्रत काढ."

"काढतो. पण ही पोरगी आहे तरी कुठं? तुम्ही इथं यायला लागून दोन वर्षं झाली, एकदा दिसली नाही."

मी कंप्युटरची काच पुसत बसले.

चूक का झाली ते लिहायचं नव्हतं. फॉर्म आखला त्या सकाळी मी त्याच दवाखान्यात गेले होते, फॉर्मसाठी नाही. डाव्या स्तनात गाठ आहे. पाच सप्टेंबरला काढणार. वेळेत कळलं असं डॉक्टर म्हणतात.

'नातेवाइकाच्या सहीशिवाय दाखल करता येणार नाही' ही ठळक ओळ त्या फॉर्मवर मीच भांडून घातली होती. आता तीच आडवी आली. शेजारची वसंता म्हणाली, "अक्का, मी करते की सही. बहीण म्हणून लिहा." खोटं लिहायचं नाही, असं मी तिला सुनावलं. ती फुगून बसली आहे.

खोटी सही मी आयुष्यात एकदाच केली. ती तुझी. वीणा शिकायला तू संगीत कॉलेजचा फॉर्म आणलास. मी तो कपाटात कुलपात ठेवला, बी. कॉम.चा भरला आणि खाली तुझ्या नावानं सही ठोकली. घर सोडताना तू म्हणालीस, "माझा एकही रकाना तू मला भरू दिला नाहीस." मी दारात उभी होते. थांब म्हणता आलं असतं.

वीणा तुझ्या खोलीत आहे. दर शुक्रवारी खोळ काढून पुसते. एक तार तुटली आहे. कोणती, ते मला कळत नाही.

चुकलेल्या प्रती रद्दीत गेल्या. एक मी ठेवून घेतली, ती सोबत पाठवते. बाकी सगळ्यांसाठी तो फॉर्म चुकीचा होता, माझ्यासाठी बरोबर आहे. माझं नाव, वय मी लिहिलं आहे. तुझं छापलेलंच आहे. सहीच्या ओळीला मी पेन लावलेलं नाही.

सही टपालानं आलेली चालते, मी विचारून घेतलं. ऐकल्यावर वाटलं, नाही, माणूस समोर हवं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

करायची की नाही, ते तू ठरव.

या वेळी तुझ्या वतीनं काहीही न भरणारी,
तुझी आई
हेमावती