निळं काजळ

रिसोड,
मंगळवार, दुपार

प्रिय धम्मदीपा,

‘प्रिय’ लिहिताना पेन दोनदा उचललं. पण पत्राची सुरुवात शिवीनं करू नये असं मायनं शिकवलंय, म्हणून लिहिलं. शिव्या पुढे आहेत. हे सगळं फोनवर टाकता आलं असतं, पण माझा फोन अर्धा वेळ राखीच्या हातात असतो, आणि बोलायला जावं तर दुसऱ्याच वाक्याला तुझं ‘ताई, क्लायंट आलीय, नंतर करते’ सुरू होतं. कागदाला मध्येच कट करता येत नाही. आपल्या गल्लीतला जगदेव आज संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे देतेय. उद्या सकाळी तो तुझ्या दारात उभा राहील. त्याला चहा दे आणि तो बसलेला असतानाच वाच.

तुझी पोटची पोर बारा दिवसांपासून वाशिमला दवाखान्यात पडून आहे. हे तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तुझ्या वागण्यावरून ते माहीत असल्यासारखं वाटत नाही. शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं होतंस. शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर राखीला पाहिलंस आणि टाळी वाजवून म्हणालीस, ‘अगं, किती फ्रेश दिसतेस! मी उगाचच घाबरले.’ झालं, तिकीट रद्द. लग्नांच्या ऑर्डरी आटोपल्या की येते म्हणालीस, म्हणजे पंधरा-वीस दिवस. आणि शनिवारी, ज्या वेळी तू गाडीत असायला हवी होतीस, त्या वेळी तुझा नवा व्हिडिओ आला. ‘थकलेला चेहरा सात मिनिटांत टवटवीत.’ मला तो वॉर्डातल्या एका नर्सनं दाखवला. तुमी पार्लरवाल्या ना, पाहा किती छान सांगते हे बाई, म्हणाली. ती बाई माझी बहीण आहे हे सांगायची मला लाज वाटली.

पाहिला मी तो सगळा. तुझी बोलीसुद्धा आता फाउंडेशन लावल्यासारखी झालीय, खालचं काही दिसत नाही. आधी गार चमचे डोळ्यांवर, मग मॉइश्चरायझर, ते मुरेपर्यंत दोन मिनिटं थांबायचं, मग डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर नारंगी करेक्टर, घासायचं नाही, करंगळीशेजारच्या बोटानं नुसतं थोपटायचं. ओठाच्या लिपस्टिकचे दोन ठिपके गालावर. सगळं बरोबर सांगितलंस. का नाही सांगणार? थोपटायला त्याच बोटाची सवय लावावी, त्या बोटाला जोर कमी असतो, हे मी शिकवलं तुला, एसटी स्टँडमागच्या त्या पत्र्याच्या खोलीत. घरात फ्रीज नव्हता तेव्हा माठाखालच्या ओल्या फडक्यात चमचे ठेवायची युक्ती माझी. तू तिला ‘माझं सिक्रेट’ म्हणतेस. वॅक्सिंग तू माझ्या पिंढऱ्यांवर शिकलीस, दोन महिने मी नव्या सुनेसारखी पाय झाकून हिंडत होते. त्याचं मला काही नाही. विद्या दिली की ती देणाऱ्याची राहत नाही. पण एक गोष्ट तुझी स्वतःची आहे, ती मी शिकवलेली नाही. डोळ्याच्या आतल्या कडेला निळं काजळ लावलं की बुबुळाभोवतीचा पिवळेपणा मरतो आणि डोळा पांढराशुभ्र दिसतो. हे तू सांगितलंस, गेल्या पावसाळ्यात. आठवण ठेव, पुढे लागेल.

माय तुला कितपत आठवते कोण जाणे. आपली भागिरथामाय सोयाबीन सोंगून घरी यायची तेव्हा तिचं तोंड धुळीनं राखाडी झालेलं असायचं. मी नवं नवं पार्लर शिकत होते, एकदा तिला बसवून क्रीम-पावडर केली. आरसा पाहून हसली आणि मग पदरानं सगळं पुसून टाकलं. मी रुसले तर म्हणाली, ‘थकलेलं तोंड झाकू नये बाई. झाकलं तं मंग पान्याले बी कोनी इचारत नाही.’ मला तेव्हा ते अडाणीपणाचं वाटलं. तू तर खो-खो हसली होतीस.

जुनं उकरायचं नाही म्हणते, पण हात थांबत नाही. आपल्यात पत्रिका बघत नाहीत. रक्ताच्या त्या आजाराचं, सिकलसेलचं कार्ड मात्र बघतात, दोघंही वाहक असले तर आजार पोरात उतरतो, आपल्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. तुझं कार्ड वाहकाचं, विनोदरावांचं आधी तपासा, एवढंच मी म्हणत होते. प्रेमाला रक्ताची चाचणी लागत नाही असं सुनावून तू कोर्टात लग्न करून आलीस. बरं केलंस. नाहीतर राखी कुठून आली असती? तिच्यासाठी मी तुझे असले दहा मूर्खपणे माफ केले. मग विनोदरावांशी फाटलं, तू पुण्याला निघालीस. सहा महिन्यांत पोरीला घेऊन जाते, तोवर सांभाळ, म्हणालीस. तीन वर्षं झाली. आम्हाला मूल नाही, तर आम्हाला बरंच वाटेल, असं तू कुणाला तरी म्हणालीस हेही माझ्या कानावर आलंय. वाटलंच मला बरं. तेवढ्यानं तू सुटत नाहीस.

राखीच्या सिकलसेलच्या गोळ्या मी चुकू दिल्या नाहीत. पाणी भरपूर, थंडीत पायमोजे, डोळे जास्त पिवळे दिसले किंवा हाडं दुखली की त्याच दिवशी दवाखाना, हे नियम आमच्या घरात भिंतीवर लिहिलेत. आणि तू काय केलंस? जुलैतला तो रविवार. राखीला आदल्या आठवड्यात ताप येऊन गेला होता. तू स्क्रीनवर आलीस, तिच्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, ‘कसं तोंड झालंय गं तुझं, बघवत नाही मला. काहीतरी लावत जा. माझे व्हिडिओ पाहत नाहीस का?’ चार मिनिटांत फोन ठेवलास. मी मागे भाजी निवडत होते. पोर काळ्या स्क्रीनकडे पाहतच मला म्हणाली, ‘मोठीमाय, मम्मी माह्या तोंडाले भेते.’ मी म्हटलं, नाही गं वेडे, मम्मीला काम असतं. तुझ्यासाठी मी आयुष्यात खूप खोटं बोलले आहे, त्यातलं हे एक.

त्यानंतर तिनं तुझा एक-एक व्हिडिओ पाठ केला. माझ्या पार्लरमधली संपत आलेली करेक्टरची डबी, तुटका ब्रश, सगळं उचलून नेलं. रविवारी अकराला तुझा फोन यायचा, ती साडेनऊला आरशासमोर बसायची. आणि गंमत बघ, तू जास्त वेळ बोलायला लागलीस! वीस मिनिटं, अर्धा तास. लायटिंग छान आहे, ब्लेंडिंग जमलंय म्हणायचीस. पोरगी फुलून यायची. पुढं पुढं रोजच करायला लागली, बारावीच्या क्लासला जातानाही. निळं काजळ, ओठाला गुलाबी टिंट, नखांना गडद मरून. गावातल्या बायका मला म्हणायच्या, राखीची तब्येत यंदा सुधारली. मीही मान डोलावायचे. खोटं कशाला बोलू, मला तिच्या हाताचं कौतुकच वाटायचं. दारातून आत येणारी नवरी रात्री रडलीय की जागलीय हे मी तिच्या कातडीवरून सांगते, रिसोडात त्यासाठी माझं नाव आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. घरातली पोर कधी पांढरीफटक पडली, कधी पिवळी झाली, मला कळलं नाही. ती न्हाणीतूनच तोंड रंगवून बाहेर यायची आणि रात्री उशीत तोंड खुपसून झोपायची.

गेल्या गुरुवारच्या आधीच्या गुरुवारी क्लासच्या जिन्यात ती बसली ती उठलीच नाही. तुझे भाऊजी तिला जीपमध्ये घालून वाशिमला घेऊन गेले, मी मांडीवर डोकं घेऊन बसलेली. तिथं बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला तर आकडाच नीट येईना, नेलपॉलिशमुळं. रूपला नावाची सिस्टर होती. तिनं ॲसिटोननं नखं साफ केली, मग ओल्या कापसानं तोंड पुसलं, डोळ्याची कड पुसली. आणि तिचा हात थांबला. ‘अवो, हे पोरगी तं आतून हयदीसारखी पिवयी हाय. तुमी काय करून राह्यल्या होत्या इतके दिवस?’ मोठ्यानं म्हणाली, सगळ्या वॉर्डानं ऐकलं. रक्त साडेचारवर आलं होतं. दोन पिशव्या चढवल्या. डॉक्टरांनी विचारलं, डोळे कधीपासून पिवळे आहेत? मी बावीस वर्षं बायकांची तोंडं पाहून पोट भरते दीपे, आणि मला त्या माणसाला तारीख सांगता आली नाही.

म्हणून तुझा राग येतो. उंटावरून शेळ्या हाकतेस तू. तिकडे कॅमेऱ्यासमोर बसून हजारो बायकांना सांगतेस की थकवा कसा लपवायचा, आणि त्यातली एक तुझी मुलगी आहे, तिचा थकवा लपवायचा नसतो, मोजायचा असतो, हे तुला कळू नये? तू तिला बरी हो म्हणाली नाहीस, बरी दिस म्हणालीस. पोरं आईचं ऐकतात गं. मी तीन वर्षं जेवू-खाऊ घातलं तरी ऐकलं शेवटी तुझंच. याचाही राग आहे, लपवत नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मी तीन पानं घालवली. शुक्रवारी तुझ्या कॉलच्या तासभर आधी राखीनं माझा हात धरला. छातीत दुखत होतं, नाकात ऑक्सिजनची नळी होती. म्हणाली, ‘मोठीमाय, माही तयारी करून दे. मम्मीनं मले असं पाह्यलं तं येनारच नाही.’ मी नाही म्हणायला हवं होतं. मी पार्लरमधून बॅग मागवली. पलंग खिडकीकडे ओढला, उजेड समोरून येईल असा. नारंगी करेक्टर मी थोपटला, गालावर रंग मी दिला, निळं काजळ माझ्या हातानं भरलं, आणि तुझा फोन वाजला तेव्हा सिस्टर नाही असं पाहून ती नळी पण मीच काढून उशीखाली सरकवली. पाच मिनिटं. तू जिला फ्रेश म्हणालीस ती राखी नव्हती, माझं काम होतं ते, आणि तुझं तिकीट मी रद्द केलं. तुला शिव्या देत इथवर आले ती हे सांगायला. फोन ठेवल्यावर तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि मला काही पुसू दिलं नाही. शनिवारपासून तिचं छातीतलं दुखणं वाढलंय, गुरुवारी अकोल्याला हलवायचं म्हणतात. हे तुला कळवू नको म्हणून तिनं माझ्याकडून शपथ घेतलीय, ती मी या कागदावर मोडतेय. जगदेव बसलाय तोवर कपडे भर आणि निघ. येताना फोन मात्र करू नकोस, वाटेतूनही नाही, तशीच वॉर्डाच्या दारात येऊन उभी राहा. तुझा फोन आला की ती परत माझ्याकडे ब्रश मागेल, आणि मला तिला नाही म्हणता येत नाही.

रागानं जळणारी, तरी तुझीच,
मंजुताई