पाकिटावरचा लाल ठिपका

प्रिय अक्का,

मेलेल्यांना पत्रं लिहिणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली. पण आज दुपारी ओट्यावरच्या बिस्किटांच्या पाकिटावर कुंकवाचा ओला ठिपका दिसला, आणि घरात तर कुंकूच नाही! तुझा करंडा मी तेराव्यालाच शेजारच्या पद्माबाईंना देऊन टाकला. आता तुला नाही तर कुणाला विचारू?

आठवतं? देवनहळ्ळीचा प्लॉट बघायला तूच मला गवतातून फिरवलंस. प्लॉट नाही मिळाला, गोचीड मिळाली! ती चावली, तिच्या चाव्यानं ॲलर्जी जडली आणि शिवाजीनगरच्या मटणावर पोसलेला हा गडी मटणाला कायमचा मुकला. कोंबडी चालते, मासे चालतात. चार पायांचं मात्र काही नाही, दूधसुद्धा नाही. आणि ही ॲलर्जी तरी किती सोशिक! खाल्लेलं तासन्‌तास गप्प बसतं. आपण विसरलो की मग अंगावर येतं, घसा आवळतं.

म्हणून तू प्रत्येक पाकीट चष्मा लावून वाचायचीस आणि पास झालं की त्याला कुंकू लावायचीस. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला लावावं तसं, मन लावून!

"अगं, हिरवा ठिपका आहे की छापलेला," मी म्हणायचो.

"तो शाकाहाऱ्यांसाठी, गुंडू. त्यात दूध बसतं. तुझ्यासाठी माझा लाल. लाल असेल तरच खायचं, सरी?"

सरी, बरं बाई. मग मी कशाला लेबलं वाचतोय?

आजही वाचलं नाही. दुकानातून आलो, पाकीट ठेवलं, हात धुऊन वळलो तर ठिपका. तू लावायचीस तसाच, जरा डावीकडे सरकलेला. भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगू? त्याआधी बरं वाटलं. पाकीट फोडलं, बिस्कीट ओठांपर्यंत नेलं.

तेवढ्यात दुकानदाराचं बोलणं आठवलं. "तेच बिस्कीट आहे सर, टेस्ट स्वल्प चेंज केलीय कंपनीने."

तू गेल्यापासून माझ्या खिशात असतो तो तुझाच चष्मा लावला. बारीक अक्षरांत, अगदी शेवटी: दुधाची भुकटी.

अक्का, मला न्यायला आली होतीस का गं? एकटीला करमत नाही का तिकडे? वेळच्या वेळी येईन ना! बिस्किटाच्या निमित्तानं कशाला? संध्याकाळभर खुर्चीत बसून तुला तोंडाला येईल ते बोललो. आतल्या खोलीत कुणीतरी खण उघडत होतं, चाचपत होतं, पुन्हा लावत होतं. मी उठलो नाही.

मग हात नाकाकडे गेला आणि उमगलं. तुझा चष्मा माझ्या डोळ्यांवर होता, आणि त्याआधी माझ्या खिशात! तू वाचणार कशानं? नेहमीचं पाकीट दिसलं, आठवणीनंच ठिपका लावलास. आणि आता खणाखणांत चष्मा शोधत होतीस.

ओरडलो त्याचा राग धरू नकोस. आजपासून चष्मा ओट्यावरच ठेवीन, तुझ्या हाताशी. ठिपका खुशाल लाव, मी पुसणार नाही. पण प्रत्येक पाकीट आता मी स्वतः वाचीन, आणि लाल ठिपका असला तर दोनदा.

तुझा धाकटा,
गुंडू