जिनिंगच्या बायांचे भाई

भाई, परवा कॉलेजातली एक मुलगी घरी आली होती. जिल्ह्यातल्या कामगार चळवळीवर तिला काहीतरी लिहायचं आहे. खुर्चीत बसल्या बसल्या तिनं विचारलं, "तुमचे वडील मूळचे कुठले?" मी बगदाद म्हणाले, तर तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग चहा ठेवला आणि जमेल तसं सांगितलं. ती गेल्यावर लक्षात आलं, की तिला सांगितलं ते सगळं तुमच्या कामाविषयी होतं. तुमच्याशी बोलायचं होतं ते तसंच राहिलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता गावाच्या पाटीवरचं नावही बदललंय. माझ्या तोंडून उस्मानाबाद निघालं की नातवंडं दुरुस्त करतात.

तुमचं लहानपण मला तुमच्याकडूनच तुकड्यातुकड्यानं कळलं. विधवा आईचा हात धरून तुम्ही बोटीनं मुंबईला उतरलात. मामा कापडगिरणीत होता, त्यानं तुम्हालाही तिथंच लावलं. मालक तुमच्याच धर्माचा, यहुदी. आणि तुम्ही पहिला संप केलात तो त्याच्याच गिरणीत. मामानं घरातून काढलं, युनियनच्या ऑफिसात झोपायला लागलात, आणि तिथूनच एक दिवस तुम्हाला आमच्या गावी पाठवलं. थोड्या दिवसांसाठी. जिनिंगमधल्या बायांचं भांडण मिटवायला.

त्या दिवसाची गोष्ट आईनं मला इतक्यांदा सांगितली, की मी स्वतःच तिथं होते असं वाटतं. जिनिंगच्या फाटकासमोर बाया बसल्या आहेत. आत कापसातून सरकी काढणारी यंत्रं थांबली आहेत, पण बायांच्या केसांवर, भुवयांवर कापसाची भुकटी तशीच आहे. तुम्ही मोडक्या मराठीत भाषण करताय. तेवढ्यात आई उठते. तेव्हा ती तुमची कुणीच नाही. अणदूरकडची, नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी न जाता जिनिंगवर राबणारी एक बाई. ती म्हणते, "तुमी उद्या मुंबईला जाताल. मग मालक आमालाच हाकलंल. तुमी इथं ऱ्हाणार हाय का?"

तुम्ही म्हणालात, "राहतो."

आई म्हणायची, "बाकी भाषणातलं मला काय बी कळलं न्हाय. एवढं एक कळलं." कोर्टात लग्न झालं तेव्हा आईचा भाऊ, माझा मामा, अणदूरहून आला नाही. तुमची आई गेल्यावर तुमच्याकडून येण्यासारखं इथं कुणी उरलंच नव्हतं.

आपल्या स्वयंपाकघरात शुक्रवारी संध्याकाळी आई दोन दिवे लावायची, तुमच्या आईची रीत म्हणून. मी एकदा विचारलं होतं, तुमचा देवावर विश्वास आहे का. तुम्ही हसून म्हणालात, "देवाशी माझं फारसं पटत नाही. आईशी पटत होतं." शुक्रवारी रात्री चुलीच्या गरम राखेत आई अंडी पुरून ठेवायची. सकाळी ती बाहेर काढली की आतून तांबूस झालेली असायची, धुराचा वास यायचा. ज्वारीच्या भाकरीबरोबर आपण ती खायचो. बगदादला ती कशाबरोबर खातात, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही.

तुम्हाला 'ळ' म्हणता यायचं नाही. नगरपालिकेत निवडून आलात तोवर लोकांना त्याचं कौतुक होतं. विधानसभेला उभे राहिलात तशी त्याची चेष्टा सुरू झाली. विरोधी उमेदवाराच्या सभेत एकजण तुमची नक्कल करायचा, "माझ्या बहिणींनो, तुमचे डोले उघडा," आणि मैदान हसायचं. मग म्हणायचा, हा कुठला, ह्याचा धर्म कुठला, उद्या बोटीत बसून जाईल. मी चिडून घरी आले, तर तुम्ही आरशासमोर उभे राहून जीभ टाळूला लावून बघत होतात. मला बघून ओशाळलात. शेवटच्या सभेला उत्तर द्यायला तुमच्याऐवजी जिनिंगमधली एक म्हातारी मावशी माईकसमोर आली. तिचा उजवा हात कोपरापर्यंतच होता, बाकीचा यंत्रानं नेला होता. ती म्हणाली, "माजा हात गेला तवा चांगलं बोलणारे लई जण गावात व्हते. दवाखान्यात ह्योच आला." तुम्ही आमदार झालात.

आणि मग तो हिवाळा. आईचा खोकला आधीपासूनच होता. जिनिंगमधल्या सगळ्याच बायांना असायचा, म्हणून कुणी तो आजार धरला नाही. लग्नानंतरही तिनं काम सोडलं नव्हतं. पुढाऱ्याची बायको म्हणून घरी बसले तर बाया काय म्हणतील, असं तिचं म्हणणं. तुम्ही अधिवेशनाला नागपूरला होतात, जिनिंगमधल्या भुकटीचा प्रश्न मांडायला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, वडिलांना बोलवा. मी तार करायला निघाले, तर आईनं माझं मनगट धरलं. "त्येंला बोलवू नगं. आमच्याच छातीचं बोलायला गेल्यात." मी तरी तार केली. तुम्ही येईपर्यंत सगळं उरकलं होतं. अग्नी मामानं दिला. इतक्या वर्षांनी तो पहिल्यांदा आपल्या दारात आला होता.

तुम्ही आत आलात. आईची जागा बघितलीत. आणि छातीवरचा सदरा दोन्ही हातांनी टर्रकन फाडलात. मी घाबरले, मला वाटलं तुमचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी तो सदरा शिवायला घेतला, तर आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडलात. "राहू दे! ते शिवायचं नसतं!" मीही ओरडले. म्हणाले, "सगळ्या गावाचे भाई झालात, आमचे कोण होता तुम्ही?" तुम्ही आठवडाभर जमिनीवर बसून राहिलात, दाढी वाढलेली, सदरा तसाच फाटका. बाया यायच्या, शेजारी बसायच्या, उठून जायच्या. ही तुमच्याकडची सुतकाची रीत, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा वाटलं होतं, तुम्ही माझ्याशी अबोला धरलाय.

वर्षभरानं जिनिंगमध्ये भुकटी बाहेर ओढणारे पंखे बसले, बायांच्या तपासणीला डॉक्टर यायला लागला. त्यानंतरची निवडणूक तुम्ही हरलात. ज्यांच्यासाठी पंखे बसवले त्यांच्याच घरातल्या पुरुषांनी आपापल्या जातीचा माणूस बघितला. तोवर बगदादला सासरी राहिलेली तुमची बहीण इस्रायलला गेली होती, तिचं बोलावणं सारखं यायचं. मला तेव्हा ईट गावच्या शाळेत नोकरी लागली होती. सुट्टीत आले की मीच म्हणायचे, जा ना, तिकडं तुमची माणसं आहेत. तुम्ही अंगणातल्या बाजेवर बसून म्हणायचात, "तुझ्या आईला शब्द दिलाय." ती जाऊन किती काळ लोटला होता, पण तुमच्या लेखी तो शब्द अजून चालू होता.

तुम्ही गेलात तेव्हा आम्ही सगळे गोंधळलो. मला जाळू नका, एवढंच तुम्ही सांगून ठेवलं होतं. पुरायचं कुठं, म्हणायचं काय, जिल्ह्यात विचारायला तुमचं एक माणूस नव्हतं. समोरचे सायकलवाले चाचा आले, म्हणाले, "बेटी, भाई हमारे बी थे. जगा हम देते." कब्रस्तानाच्या कडेला लिंबाखाली त्यांनी जागा दिली. तिथवर बाया आल्या. बायांनी आत यायचं नसतं, कुणीतरी अडवलं. तीच एकहाती मावशी पुढं झाली. "आमी माती टाकल्याबिगर जाणार न्हाय." चाचांनी सगळ्यांना आत घेतलं. मावशीनं मला हळूच विचारलं, "तुमच्यात अशा टायमाला काय म्हंत्यात गं?" मला माहीत नव्हतं. मग नुसता माती पडल्याचा आवाज येत राहिला, खूप वेळ, कारण बाया संपतच नव्हत्या.

आमचे कोण होता तुम्ही, हे मी पुन्हा कधी विचारलं नाही. त्या दिवशी रांगेत उभी असताना उत्तर मिळालं असंही नाही. फक्त त्या बायांमध्ये मी कुठंतरी मधेच उभी होते, माझ्याही मुठीत माती होती, आणि सख्खी लेक म्हणून पुढं हो, असं मला कुणी सांगितलं नाही, हे बरं वाटलं.

हे पत्र पाठवायचं कुठं नाही, म्हणून इतकं लिहिता आलं. त्या कॉलेजच्या मुलीनं निघताना विचारलं होतं, तुमचे वडील बोलायचे कसे, आवाज कसा होता. मी खणखणीत म्हणून सांगितलं, तिनं लिहून घेतलं. भाई, खरं म्हणजे तुमचा आवाज मला आता आठवत नाही. आईचा खोकला आठवतो.